रॅम डिस्क म्हणजे काय? माळ्यावरच्या जुन्या स्पेक्ट्रमवर ती कशी बनवायची आणि तिच्यावर किती भरवसा ठेवायचा?

समजा, रामटेकच्या जुन्या घराची दिवाळीआधीची साफसफाई सुरू आहे. माळ्यावरून आधी पितळी भांडी निघतात, मग जुन्या अंकांचे गठ्ठे आणि त्यांच्या मागून एक काळा कीबोर्ड. सोबत टेपरेकॉर्डर आणि पाच-सहा कॅसेट्स. एका कॅसेटवर काकांच्या अक्षरात लिहिलंय, 'हिशोब'.

तो नुसता कीबोर्ड नाही, अख्खा कॉम्प्युटर आहे. टीव्हीला जोडायचा, कॅसेटवरून प्रोग्राम भरायचा आणि वापरायचा. अशा मशीनवर काम करायला बसलात की पहिल्या अर्ध्या तासातच एक गोष्ट कळते: वेळ कामात जात नाही, कॅसेट फिरण्याची वाट बघण्यात जातो. त्यावर त्या काळात निघालेला उपाय म्हणजे रॅम डिस्क.

ती काय असते, कशी बनवायची आणि काकांचा 'हिशोब' तिच्यावर सोडावा का, हे समजून घेऊ.

हा कॉम्प्युटर आपल्याकडे आला कुठून?

झेडएक्स स्पेक्ट्रम हा सिंक्लेअर कंपनीचा घरगुती कॉम्प्युटर ब्रिटनमध्ये एप्रिल १९८२ मध्ये बाजारात आला. भारतात त्याची परवाना घेतलेली आवृत्ती १९८६ मध्ये पुण्याच्या डेसिबल्स इलेक्ट्रॉनिक्सने आणली. नाव होतं 'डीबी स्पेक्ट्रम प्लस'. १९९० च्या सुमाराला ही बाजारपेठ ओसरली, पण तोवर हजारो मशीन घराघरांत पोहोचली होती.

त्याच दशकात सरकारच्या 'क्लास' या संगणक साक्षरता प्रकल्पातून शाळांमध्ये बीबीसी मायक्रो हा ब्रिटिश कॉम्प्युटर आला. म्हणजे आज पन्नाशीत असलेल्या अनेकांचा पहिला कॉम्प्युटर पीसी नव्हताच. तो टीव्हीला जोडायचा एक डबा होता.

रॅम डिस्क म्हणजे नेमकं काय?

कॉम्प्युटरमध्ये दोन प्रकारच्या जागा असतात. एक काम करायची, ती रॅम. दुसरी ठेवायची, म्हणजे कॅसेट, फ्लॉपी किंवा आजची एसएसडी.

स्वयंपाकघराचं उदाहरण घ्या. रॅम म्हणजे ओटा. डिस्क म्हणजे कोठीची खोली. कोठीत सामान सुरक्षित राहतं, पण दरवेळी तिथवर जावं लागतं. मग आपण काय करतो? रोज लागणारी चार वाटणं डब्यांत घालून ओट्याच्याच एका कोपऱ्यात ठेवतो. तो कोपरा म्हणजे रॅम डिस्क.

तांत्रिक भाषेत सांगायचं तर रॅमचा काही भाग बाजूला काढायचा आणि कॉम्प्युटरला सांगायचं की ही डिस्क समज. मग तिच्यावर नाव देऊन फाइल ठेवता येते, यादी बघता येते, फाइल परत उचलता येते. फिरणारा, घासणारा एकही भाग मध्ये नसल्यामुळे सगळं जवळजवळ क्षणात होतं.

एवढी घाई कशाला? जरा आकडे बघा

स्पेक्ट्रम कॅसेटवर डेटा आवाजाच्या रूपात लिहितो. एक बिट लिहायला किती वेळ लागेल हे तो बिट ० आहे की १ यावर ठरतं. सरासरी काढली तर सेकंदाला साधारण १,३५० ते १,४०० बिट.

स्पेक्ट्रमचं स्क्रीनवरचं एक चित्र ६,९१२ बाइटचं असतं. ते कॅसेटवरून यायला सुमारे ४० सेकंद लागतात. ४८ केबी मेमरी पूर्ण भरायला जवळपास पाच मिनिटं. त्यात मध्येच आवाज कमीजास्त झाला की लोडिंगची चूक दिसते आणि पुन्हा सुरुवातीपासून.

तेच ६,९१२ बाइट मेमरीतल्या एका जागेहून दुसऱ्या जागी हलवायला स्पेक्ट्रमचा झेड८० प्रोसेसर किती वेळ घेतो? त्याचा वेग ३.५ मेगाहर्ट्झ. एक बाइट हलवायला २१ टप्पे. गुणाकार-भागाकार केला की उत्तर येतं सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आसपास.

४० सेकंद विरुद्ध सेकंदाचा विसावा भाग. रॅम डिस्कचं सगळं आकर्षण या फरकात आहे.

सुरू करण्याआधी: ही चूक करू नका

माळ्यावरून काढलेलं मशीन लगेच प्लगमध्ये घालू नका. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागतो आणि त्याच्या पिनची उलटसुलट बाजू नेहमीच्या अडॅप्टरपेक्षा वेगळी असते. मधला भाग ऋण, बाहेरचा धन. घरातला राउटरचा ९ व्होल्टचा अडॅप्टर पिन बसते म्हणून लावलात, तर मशीन कायमचं जाऊ शकतं. (प्लस टू ए आणि प्लस थ्री या पुढच्या मॉडेल्सचा पॉवर सप्लाय पूर्ण वेगळा आहे.)

शक्य असेल तर जुनी इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्ती जाणणाऱ्याकडून आधी अडॅप्टरचा व्होल्टेज मोजून घ्या आणि आतले कपॅसिटर तपासून घ्या. ते वयोमानाने सुकतात. कीबोर्डच्या आतली प्लास्टिकची पातळ पट्टीही कडक होऊन तुटते, त्यामुळे मशीन उघडताना ती ओढू नका.

मशीन नाही, पण करून बघायचंय? 'फ्यूज'सारखा फुकट एम्युलेटर लॅपटॉपवर घ्या आणि त्यात १२८ केबीचं मॉडेल निवडा. पुढच्या बहुतेक गोष्टी तिथेही तशाच चालतात.

१२८ केबी मॉडेल: रॅम डिस्क तयारच असते

स्पेक्ट्रम १२८ हे मॉडेल १९८५ मध्ये आधी स्पेनमध्ये आणि १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये आलं. यात मेमरी १२८ केबी आहे, पण गंमत अशी की झेड८० प्रोसेसरला एका वेळी ६४ केबीच दिसतात. त्यातले १६ केबी रॉमचे. मग उरलेली मेमरी वापरायची कशी?

आठ खणांचं कपाट समजा. प्रत्येक खण १६ केबीचा, क्रमांक ० ते ७. प्रोसेसरसमोर एका वेळी तीनच खण उघडे राहतात. त्यातले दोन ठरलेले, ५ आणि २. तिसरी जागा, म्हणजे ४९१५२ पासून ६५५३५ पर्यंतचा पत्ता, ही खिडकी आहे. तिथे हवा तो खण आणता येतो. एरवी तिथे ० असतो.

उरलेले १, ३, ४ आणि ६ हे खण आणि ७ व्या खणाचा काही भाग, एवढी जागा बेसिक भाषेने रॅम डिस्कला दिलेली आहे. म्हणजे ६४ केबीहून थोडी जास्त. वेगळं काही बसवायचं नाही, फॉरमॅट करायचं नाही.

पायऱ्या अशा. आज्ञा मशीनवर इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या, इथे त्यांचे उच्चार दिलेत.

१. मशीन सुरू झालं की मेनूमधून '१२८ बेसिक' निवडा. '४८ बेसिक' निवडलंत तर रॅम डिस्क मिळणार नाही.

२. कॅसेटवरून तुमचा प्रोग्राम नेहमीप्रमाणे 'लोड' करा.

३. रॅम डिस्कवर ठेवायचा असेल तर 'सेव्ह', मग उद्गारचिन्ह, मग अवतरणचिन्हांत नाव. सगळी जादू त्या उद्गारचिन्हात आहे. ते विसरलात तर मशीन कॅसेट सुरू करायला सांगेल.

४. काय काय ठेवलंय ते बघायला 'कॅट' आणि उद्गारचिन्ह.

५. परत आणायला 'लोड', उद्गारचिन्ह, नाव.

६. नको असलेली फाइल काढायला 'इरेज', उद्गारचिन्ह, नाव.

नाव दहा अक्षरांपर्यंतच. त्याच नावाची फाइल आधीच असेल तर मशीन ती बदलत नाही, फाइल आधीपासून आहे असं सांगून थांबतं. आधी इरेज, मग सेव्ह.

एक चांगली सोय म्हणजे 'न्यू' दिल्यावर समोरचा प्रोग्राम पुसला जातो, पण रॅम डिस्कवरच्या फाइल तशाच राहतात. म्हणजे तीन-चार छोटे प्रोग्राम एकदाच कॅसेटवरून भरून ठेवायचे आणि दिवसभर त्यांत ये-जा करायची.

एक धोकाही आहे. १२८ केबीसाठी लिहिलेला गेम चालवलात तर तो तेच खण स्वतःसाठी वापरतो. त्याला तुमच्या फाइलशी देणंघेणं नसतं. गेम खेळण्याआधी रॅम डिस्क रिकामी झाली असंच समजा.

प्लस टू ए आणि प्लस थ्री: इथे ती 'एम' ड्राइव्ह

१९८६ मध्ये सिंक्लेअरचा कॉम्प्युटर व्यवसाय अ‍ॅमस्ट्रॅडने विकत घेतला. त्यानंतर १९८७ मध्ये आलेल्या या दोन मॉडेल्समध्ये उद्गारचिन्हाऐवजी ड्राइव्हचं अक्षर वापरतात. रॅम डिस्कचं अक्षर 'एम'. फाइलच्या नावाआधी 'एम' आणि अपूर्णविराम टाकायचा की झालं. यादीसाठी 'कॅट' आणि अवतरणात 'एम' व अपूर्णविराम. कॅसेटकडे परत जायला ड्राइव्हचं अक्षर 'टी'.

प्लस थ्रीमध्ये फ्लॉपी ड्राइव्ह असल्यामुळे 'कॉपी' आज्ञेने एमवरची फाइल थेट फ्लॉपीवर, म्हणजे 'ए'वर नेता येते.

४८ केबी मॉडेल: कोपरा स्वतः अडवायचा

पुण्याचा डीबी स्पेक्ट्रम प्लस या गटातला. यात तयार रॅम डिस्क नाही आणि जादा खणही नाहीत. ४८ केबीतून स्क्रीनची आणि मशीनच्या स्वतःच्या कामाची जागा वजा केली की बेसिकसाठी ४१ केबीच्या आसपास उरतात. त्यातलाच एक कोपरा अडवून छोटीशी रॅम डिस्क बनवता येते. खाली दोन चित्रांसाठीची रीत आहे.

पहिली आज्ञा 'क्लिअर ४९१५१'. याचा अर्थ असा की ४९१५१ च्या वर बेसिकने पाय ठेवायचा नाही. वरचे १६ केबी आता तुमचे. ही आज्ञा स्क्रीन आणि चलांमधल्या किमती पुसते, म्हणून ती सुरुवातीलाच द्या.

मग हा प्रोग्राम:

१० क्लिअर ४९१५१
२० फॉर एन = ० टू ११ : रीड ए : पोक ६३००० + एन, ए : नेक्स्ट एन
३० फॉर एन = ० टू ११ : रीड ए : पोक ६३०२० + एन, ए : नेक्स्ट एन
४० डेटा ३३, ०, ६४, १७, ०, १९२, १, ०, २७, २३७, १७६, २०१
५० डेटा ३३, ०, १९२, १७, ०, ६४, १, ०, २७, २३७, १७६, २०१

'रन' दिल्यावर बारा-बारा बाइटचे दोन छोटे मशीन कोड तयार होतात. स्क्रीनवर एखादं चित्र असताना 'रँडमाइज यूएसआर ६३०००' दिलं की ते चित्र कोपऱ्यात जमा. 'रँडमाइज यूएसआर ६३०२०' दिलं की परत स्क्रीनवर.

हे आकडे म्हणजे काय? ३३ नंतरचे दोन आकडे सांगतात कुठून उचलायचं, १७ नंतरचे दोन कुठे ठेवायचं आणि १ नंतरचे दोन किती बाइट. २३७ आणि १७६ ही जोडी म्हणजे 'संपेपर्यंत एकेक बाइट हलवत राहा'. २०१ म्हणजे काम झालं, परत ये. पत्ता काढायला दुसऱ्या आकड्याला २५६ ने गुणायचं. ६४ गुणिले २५६ म्हणजे १६३८४, तिथे स्क्रीन सुरू होते. १९२ गुणिले २५६ म्हणजे ४९१५२, तिथे आपला कोपरा.

दुसऱ्या चित्रासाठी याच दोन कोडच्या प्रती ६३०४० आणि ६३०६० ला ठेवा आणि १९२ च्या जागी २१९ लिहा. तो पत्ता ५६०६४, म्हणजे पहिलं चित्र संपतं बरोबर तिथून पुढे.

४८ केबी मशीनवर या आज्ञा अक्षर-अक्षर टाइप होत नाहीत. पोकसाठी 'ओ', क्लिअरसाठी 'एक्स', सेव्हसाठी 'एस' अशी एकेक कळ असते. कळांवर छापलेले शब्द बघत जा.

जाता जाता एक योगायोग. स्क्रीन म्हणजे मेमरीचाच एक तुकडा, ही कल्पना व्यावसायिक ग्राफिक्स यंत्रांत रुजवणाऱ्या सुरुवातीच्या कंपन्यांपैकी एक अमेरिकेत कॅलिफोर्नियात होती. तिचं नाव होतं 'रामटेक'. १९७० च्या दशकातली ही कंपनी आर्केड गेमही बनवायची. गडावरच्या मंदिराचं नाव सर्च करताना कधी जुन्या इलेक्ट्रॉनिक सर्किटचे फोटो आले, तर गोंधळू नका.

घरात स्पेक्ट्रमऐवजी जुना डॉसवाला पीसी निघाला तर?

तिथेही सोय आहे. मायक्रोसॉफ्टच्या डॉसबरोबर 'रॅमड्राइव्ह डॉट सिस' नावाची फाइल येते. 'कॉन्फिग डॉट सिस' या फाइलमध्ये 'डिव्हाइस' असं लिहून, बरोबरचं चिन्ह टाकून तिचा पत्ता द्यायचा आणि पुढे किती केबी हवेत तो आकडा. ६४० केबीच्या वरची मेमरी वापरायची असेल तर शेवटी तिरकी रेघ आणि 'ई', आणि ही ओळ 'हायमेम डॉट सिस'च्या ओळीच्या खाली. मशीन पुन्हा सुरू केलं की शेवटच्या ड्राइव्हच्या पुढच्या अक्षराची नवी ड्राइव्ह दिसते.

आता खरा प्रश्न: लाइट गेली तर?

सगळं गेलं. थोडंसं नाही, सगळं.

कारण साधं आहे. या मशीनच्या रॅममध्ये एकेक बिट म्हणजे एका अतिसूक्ष्म कपॅसिटरमध्ये साठवलेला विद्युतभार. तो सतत गळत असतो, म्हणून दर काही मिलिसेकंदांनी तो पुन्हा भरावा लागतो. वीज गेली की भरणारं कुणी उरत नाही. कॅसेटवरचं चुंबकीय चिन्ह मात्र विजेशिवायही टिकतं.

आणि लाइट जाणं हे एकच कारण नाही. मूळ स्पेक्ट्रमला चालू-बंद बटणच नाही, पिन निसटली की बंद. स्पेक्ट्रम प्लसला बाजूला रीसेटचं बटण आहे. ते चुकून दाबलं गेलं की रॉम सगळी मेमरी तपासते आणि तपासताना पुसून टाकते. मागच्या उघड्या कनेक्टरला लावलेलं उपकरण हललं तरी मशीन अडकू शकतं. पावसाळ्यात विदर्भातल्या कुठल्याही गावात वीज कशी ये-जा करते हे वेगळं सांगायला नको. घरी इन्व्हर्टर असला तरी वीज बदलतानाचा तो क्षण कधी कधी पुरेसा ठरतो.

अ‍ॅमिगा या कॉम्प्युटरवर १९८८ मध्ये मशीन रीस्टार्ट केल्यावरही टिकणारी रॅम डिस्क आली होती. पण वीज तोडली की तीही रिकामी.

म्हणून नियम एकच. रॅम डिस्क ही काम करायची जागा आहे, ठेवायची नाही. दर वीस-पंचवीस मिनिटांनी, आणि उठण्याआधी न चुकता, तिच्यावरचं काम कॅसेटवर किंवा फ्लॉपीवर घ्या. १२८ वर उद्गारचिन्हाने 'लोड' करून मग बिनउद्गारचिन्हाचं 'सेव्ह'. ४८ वरच्या आपल्या चित्रासाठी 'सेव्ह', अवतरणात नाव, मग 'कोड ४९१५२, ६९१२'.

मग काकांच्या 'हिशोब' कॅसेटचं काय करायचं?

इथे घाई महागात पडते. बाजारात विकले गेलेले स्पेक्ट्रमचे गेम जगभरातल्या हौशी लोकांनी जपून ठेवलेत. एखादा तुमच्याकडून बिघडला तरी फारसं नुकसान नाही. पण घरी बसून कुणीतरी स्वतः टाइप केलेला प्रोग्राम जगात एकाच ठिकाणी असतो, त्या कॅसेटवर. आणि ती कॅसेट विदर्भातले तीस-पस्तीस उन्हाळे पत्र्याखालच्या माळ्यावर काढून आलेली असते.

म्हणून क्रम असा ठेवा.

आधी, स्पेक्ट्रमला हातही न लावता, टेपरेकॉर्डरचं हेड कापूस आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. गाण्यांची एखादी बिनकामाची कॅसेट लावून तो टेप गुंडाळत तर नाही ना, ते बघा.

मग कॅसेटच्या मागच्या कडेच्या दोन्ही छोट्या टिकल्या तोडा, म्हणजे चुकून तिच्यावर रेकॉर्ड होणार नाही.

नंतर टेपरेकॉर्डरचं हेडफोनचं भोक लॅपटॉपच्या माइकला जोडा आणि दोन्ही बाजू पूर्ण रेकॉर्ड करा. फाइल वेव्ह प्रकारात ठेवा, एमपी३ मध्ये नको. एमपी३ माणसाच्या कानाला न लागणारा तपशील काढून टाकतं, पण कॉम्प्युटरला नेमका तोच लागू शकतो.

या रेकॉर्डिंगची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवा. त्यानंतरच मशीन, 'लोड' आणि रॅम डिस्क. पुढचे सगळे प्रयोग त्या आवाजाच्या प्रतीवर. मूळ कॅसेट परत डब्यात.

आज हे कशाला वाचायचं?

कारण ही युक्ती जुनी झालेली नाही. लिनक्सवर 'टीएमपीएफएस' नावाने रॅम डिस्कच चालते आणि अँड्रॉइड लिनक्सवरच उभं आहे. तुमच्या फोनमध्येही तात्पुरत्या गोष्टी रॅममध्ये ठेवल्या जातात, कारण ती जागा वेगवान आहे. फोन बंद केला की त्या जातात, तेही त्याच कारणाने.

फरक एवढाच की फोन हे तुम्हाला न सांगता करतो. स्पेक्ट्रमवर ते उद्गारचिन्ह तुम्ही स्वतः टाइप करता आणि त्यामुळे आपलं काम या क्षणी कुठल्या जागेत आहे, हे तुम्हाला पक्कं माहीत असतं.

तेव्हा माळ्यावरून असा काळा कीबोर्ड निघाला तर भंगारात देऊ नका. आणि कॅसेटवर कुणाचं अक्षर असेल, तर प्लग लावण्याआधी त्या माणसाला एक फोन करा. आत काय आहे, हे कदाचित त्यांनाच आठवत असेल.